सिएरा नेव्हाडाची नक्कल: घरची आणि विकतची बिअर एकाच टेबलावर

घरी नक्कल करायला मी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा ब्रूअरीची पेल एल ही सोनेरी, कडवटसर बिअर निवडली, ती मुद्दाम. घरी केलेली बिअर दुकानातल्या क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रूअऱ्यांच्या बिअरच्या, तोडीची होते का, हा प्रश्न आमच्या होमब्रूइंगवाल्या मंडळींत सारखा निघतो आणि उत्तरं दरवेळी मोघम येतात. कोणी आपल्या काळ्या स्टाउटची तुलना दुसऱ्याच कुठल्या कडवट आयपीएशी करतो, तर कोणी स्वतःची ताजी बाटली दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या बाटलीशेजारी ठेवतो. यातून हाती काहीच लागत नाही. तुलना करायची तर बिअर तीच हवी, तिचं वय साधारण तेच हवं आणि पेल्यात कोणाची बिअर आहे हे चाखणाऱ्याला कळता कामा नये.

सिएरा नेव्हाडाबद्दल आमच्याकडे कॅलिफोर्नियात होमब्रूअर मंडळींना वेगळाच जिव्हाळा आहे. केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये चिको गावात घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकणारं छोटं दुकान काढलं होतं. पॉल कमूसी यांच्यासोबत त्यांनी ब्रूअरी उभी केली ती नंतर, आणि तीही डेअरीची जुनी भांडी, भंगारातले पाइप असं जमवून. १९८० मध्ये तिथली पहिली बिअर शिजली. पेल एलची चव दरवेळी तीच येईपर्यंत सुरुवातीच्या बऱ्याच बॅचेस त्यांनी ओतून दिल्या. ही बिअर मुळात घरगुती भांड्यातून आलेली आहे. ती परत घरगुती भांड्यात करून बघताना काय हरवतं आणि काय हरवत नाही, ते मला बघायचं होतं.

दुसरं कारण सोयीचं. या बिअरमध्ये काय काय पडतं हे सगळ्यांना माहीत आहे: दोन रांगांच्या बार्लीचा पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडा कॅरॅमल माल्ट, आणि मॅग्नम, पर्ल आणि कॅस्केड हे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या कळ्या. अल्कोहोल ५.६ टक्के, कडवटपणा ३८ आयबीयू (हे कडवटपणा मोजायचं एकक). साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्टही मिळतं. होमब्रूच्या दुकानात 'अमेरिकन एल' म्हणून जे सुकं यीस्ट ११.५ ग्रॅमच्या पाकिटात येतं, ते चिकोच्याच घराण्यातलं मानतात. लोकांना वाटतं की कंपन्या कृती तिजोरीत ठेवतात. क्राफ्ट बिअरच्या जगात तसं फारसं नाही. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २०१६ मध्ये आपल्या सगळ्या बिअरच्या कृती जाहीर करून टाकल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात चिकोजवळचं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, तेव्हा सिएरा नेव्हाडाने मदतनिधीसाठी एक आयपीए काढली, तिची कृती सगळ्यांना दिली आणि हजाराहून जास्त ब्रूअऱ्यांनी ती आपापल्या भांड्यात केली. त्या दिवसांत आमच्या इथेही धुराने आकाश तपकिरी झालं होतं, म्हणून ती बिअर माझ्या चांगली लक्षात आहे.

म्हणजे कृती तीच, माल तोच. मग फरक पडतो कुठे?

पहिला संशय पाण्यावर जातो. मी रेडवुड सिटीत राहतो. आमच्या नळाला योसेमिटीतल्या हेच हेची धरणाचं पाणी येतं. बर्फाचं, अगदी मऊ पाणी, क्षार नावापुरते. पेल एलला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, लागतं. पाण्यात सल्फेट असलं की हॉप्सचा कडवटपणा नीटस, कोरडा लागतो. मऊ पाण्याचा फायदा असा की आपल्याला हवे तेच क्षार मोजून घालता येतात. एकच गोष्ट त्यातून आधी काढावी लागते, ती म्हणजे पाणी जंतुमुक्त करायला घातलेलं क्लोरामाइन. क्लोरीन उकळून जातं, हे सहजी जात नाही. राहिलं तर बिअरला दवाखान्याचा, बँडेज पट्टीचा वास मारतो आणि तो अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होतं. घरच्या बिअरला 'घरचा वास' येतो असं जे म्हणतात, त्यातला बराचसा वास या अर्ध्या गोळीने जातो. हे मी आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगतो.

मोठं पातेलं मागच्या अंगणात प्रोपेनच्या शेगडीवर चढवलं. सव्वाचार किलो पेल माल्ट आणि साडेतीनशे ग्रॅम कॅरॅमल माल्ट, दुकानातच भरडून आणलेला. माझ्याकडे वेगळी मॅश टाकी नाही. पातेल्यातच मोठी जाळीदार कापडी पिशवी अडकवतो आणि माल्ट तिच्यात भिजवतो. पाणी ६७ अंश सेल्सियसला एक तास धरायचं. या तासाभरात धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. दोन अंश खाली गेलं तर बिअर कोरडी होते, दोन अंश वर गेलं तर अंगाने जाड होते, आणि पेल एलचा सगळा तोल या दोन अंशांत असतो. झाकण उघडलं की सातूच्या पिठात गूळ कालवताना येतो तसा वास अंगणभर पसरतो. माझी आई आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा या वासाने स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "हे तर सातूच!" म्हणाली, आणि बार्ली म्हणजे सातूच हे कळल्यावर तिला सगळ्या प्रकाराबद्दल वाटत होती ती अढी निम्मी कमी झाली.

पिशवी निथळून काढली की खाली राहतो तो वर्ट, मधाच्या रंगाचा आणि चांगलाच गोड. तो एक तास खळाखळा उकळायचा. मॅग्नम सुरुवातीला, कडवटपणासाठी. पर्ल अर्ध्या तासाने. कॅस्केड शेवटच्या दहा मिनिटांत आणि उरलेला शेगडी बंद करताना. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मगच पाण्यात विरघळतात, म्हणून आधी घातलेला हॉप कडू करतो. उशिरा घातलेला वास देतो, कारण त्यातली तेलं उडून जायला वेळच मिळत नाही.

कॅस्केडबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा वाण ओरेगॉनमध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या पैदास कार्यक्रमातून आला आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांना दिला गेला. अमेरिकन क्राफ्ट बिअरला स्वतःची चव ज्या एका वनस्पतीने दिली ती हीच, असं मी बिनदिक्कत म्हणेन. सिएरा नेव्हाडा हॉप्सच्या गोळ्यांऐवजी अख्ख्या कळ्या वापरण्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून मीही याकिमा खोऱ्यातल्या अख्ख्या कळ्यांचं पाकीट मागवलं. पाकीट फोडून एक कळी तळहातावर घेतली. फिक्या हिरव्या कागदासारख्या पाकळ्या, एकावर एक. बोटांनी उकलली की पाकळीच्या बुडाशी पिवळी धमक भुकटी दिसते, हेच ल्युपुलिन. दोन्ही तळव्यांमध्ये कळी चोळली की भुकटी चिकट होते आणि पपनसाच्या सालीचा वास येतो, मागून फुलांचा, आणि अगदी शेवटी थोडा राळेचा. हात साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. दुकानातल्या बाटलीचं बूच उघडल्यावर हाच वास यायला हवा, आणि घरच्या बाटलीतही. माझी सगळी तुलना शेवटी या वासावर येऊन ठेपली.

इथपर्यंत घर आणि कारखाना यांत मला मोठा फरक दिसत नाही. त्यांचं भांडं हजारो लिटरचं, माझं तीस लिटरचं. त्यांना शंभर वेळा तेच तापमान अचूक मिळतं, मी थर्मामीटर घेऊन उभा असतो. पण माल्टमधून साखर निघते ती तशीच आणि हॉप्स कडू होतात तेही तसेच. आमच्या गटात एक जण व्यवसायाने ब्रूअर आहे, एका छोट्या ब्रूअरीत. तो एकदा म्हणाला की त्याची रात्रीची झोप कधी उकळीमुळे उडालेली नाही, उडते ती उकळीनंतरच्या गोष्टींनी. त्याचं म्हणणं मला तेव्हा पुरतं समजलं नव्हतं.

उकळी संपली की वर्ट लवकर गार करायचा. माझ्याकडे तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे. ते पातेल्यात बुडवून नळीतून नळाचं पाणी खेळवायचं. कारखान्यात वर्ट आधी व्हर्लपूल टाकीत फिरतो, गाळ मध्यभागी बसतो, मग वर्ट प्लेट चिलरमधून, म्हणजे गार करणाऱ्या यंत्रातून, जातो. या सगळ्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ शेवटचा हॉप गरम पाण्यात असतो. म्हणून तीच कृती, तेच वजन घेऊनही कारखान्यात उशिराच्या हॉप्सचा कडवटपणा घरच्यापेक्षा जास्त उतरतो. घरी नक्कल करताना तो हिशेबात धरावा लागतो. मी शेगडी बंद केल्यावर कॅस्केड घालून वीस मिनिटं तसंच राहू दिलं आणि मग गार करायला घेतलं.

मग यीस्ट. इथे कारखाना पुढे निघून जातो. त्यांच्याकडे आधीच्या बॅचमधलं जिवंत, कामात असलेलं यीस्ट असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून हव्या तेवढ्याच घालतात. टाकीभोवती तिला गार ठेवणारं थंड ग्लायकॉल फिरत असतं. माझ्याकडे एक पाकीट आणि गॅरेजमधला जुना फ्रिज, त्याला जोडलेला तापमान नियंत्रक. १९ अंशांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडे यायला लागले, वर्टवर तपकिरी फेसाचा जाड थर चढला. शेवटी फ्रिजचं तापमान दोन अंश वाढवलं. डायअसिटाइल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य यीस्ट आधी स्वतःच निर्माण करतं आणि थोडी ऊब मिळाली की स्वतःच परत खातं. ती संधी त्याला द्यावी लागते. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर वर्ट १.०५३ ला सुरू झाला होता, १.०११ ला थांबला. अल्कोहोल साडेपाच टक्के. सिएरा नेव्हाडाच्या अगदी जवळ.

एक फरक मात्र फ्रिजने भरून निघत नाही. कारखान्याच्या उंच टाकीत तळाशी बिअरचा स्वतःचाच दाब असतो, कार्बन डायऑक्साइडही जास्त मुरलेला असतो. त्या दाबाखाली यीस्ट फळांच्या वासाची एस्टर्स कमी तयार करतं. माझी आंबवायची बादली गुडघ्याएवढी, तिच्यात दाब असा नाहीच. म्हणून तेच यीस्ट, तेच तापमान असूनही घरची बिअर थोडी फळकट निघते. हे वाचून माहीत होतं. चवीत कळेल का, याची शंका होती.

बाटल्या भरताना तपकिरीच घेतल्या. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरला की हॉप्समधल्या द्रव्यांपासून गंधकयुक्त दुर्गंध तयार होतो. अमेरिकेत त्याला स्कंक या प्राण्याचं नाव दिलंय ते योग्यच आहे. मोजलेली साखर उकळून बिअरमध्ये मिसळली, नळीने बाटल्या बुडापासून वर भरल्या आणि बुचं दाबली. बाटलीतलं यीस्ट ही साखर खाऊन फसफस तयार करतं. सिएरा नेव्हाडाही बाटलीत थोडं यीस्ट ठेवूनच पक्व करते, त्यामुळे इथेही तुलना सारखी राहिली. बाटल्या दोन-तीन आठवडे घराच्या तापमानाला ठेवल्या.

दुकानातली बाटली निवडणं हेही एक कामच होतं. सिएरा नेव्हाडाच्या बाटलीवर पॅकिंगची तारीख असते. मी थंड कपाटात ठेवणारं दुकान शोधलं आणि महिन्याच्या आतली तारीख मिळेपर्यंत खोकी उलटीपालटी करून पाहिली. शिळ्या बाटलीशी जिंकण्यात काय अर्थ?

चाखायला त्रिकोणी चाचणी घेतली. प्रत्येकापुढे तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून बारा जणांपैकी निदान आठ जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा मानतात. निम्म्यांना दोन माझ्या आणि एक सिएरा, निम्म्यांना उलट. घरची बिअर थोडी धूसर असते, म्हणून अपारदर्शक लाल प्लास्टिकचे पेले घेतले. स्वयंपाकघरात बायकोने ओतलं आणि पेल्यांना खुणा केल्या, बाहेर मी नेऊन दिले. खुणेचा अर्थ मला माहीत नव्हता.

बारापैकी नऊ जणांनी बरोबर ओळखलं. म्हणजे फरक होता, आणि तो कळत होता.

ओळखणाऱ्यांना मग विचारलं की कोणती जास्त आवडली. इथे मत दुभंगलं. आमच्या गटातले दोघं स्पर्धांमध्ये परीक्षक असतात. त्यांच्या पद्धतीत बिअरला पन्नासपैकी गुण देतात: वासाला बारा, दिसण्याला तीन, चवीला वीस, तोंडातल्या पोताला पाच, एकूण छापाला दहा. दोघांनीही माझ्या बिअरला वासात जास्त गुण दिले आणि चवीत कमी. कॅस्केडचा वास माझ्या पेल्यात जास्त उसळून येत होता, पण घोट गिळल्यावर सिएराचा कडवटपणा जसा एका रेषेत येतो आणि स्वच्छ संपतो, तसा माझा संपत नव्हता. मध्ये पिकलेल्या पीचची एक छटा यायची. म्हणजे एस्टर्सचं जे वाचलं होतं ते पेल्यात होतं.

पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ त्या दिवशी चाखायला बसला होता. त्याने पेला नाकाशी धरला, परत धरला, आणि म्हणाला, "दादा, हिला पबमध्ये टाकीतून ओतून देतात तसा वास आहे. ही दुसरी बाटलीतलीच आहे." बरोबर होतं त्याचं. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे बिअर जागेवरच करणारा पब, सुरू झाली तेव्हापासून तो टाकीतून ताजी काढलेली बिअर पीत आलाय, त्याच्या नाकाला तो ताजेपणा ओळखीचा आहे. मायक्रोब्रूअरीत टाकीपासून टेबलापर्यंत काही मीटरचं अंतर असतं. घरच्या बिअरचं खरं नातं बाटलीतल्या क्राफ्ट बिअरपेक्षा त्या टाकीतल्या बिअरशीच जास्त आहे. त्याने लगेच घरी करायची तयारी दाखवली, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरीही. अमेरिकेतसुद्धा घरच्या बिअरला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, जिमी कार्टर यांच्या सहीने. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दोनशे, आणि विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं तर त्यासाठी २०१३ पर्यंत थांबली.

खरी गोष्ट मात्र चाचणीनंतर सुरू झाली. मी दोन्हींच्या काही बाटल्या गॅरेजच्या एकाच कपाटात ठेवून दिल्या. काही आठवड्यांनी माझ्या बिअरमधलं पपनस मंदावलं. मग मधासारखा एक गोडसर वास आला. तीन महिन्यांनी ओल्या पुठ्ठ्याची चव आली आणि रंगही गडद झाला. सिएराही तशी उतरली होती, उबदार कपाटात कोणतीही बिअर उतरतेच, पण तिच्यातला कॅस्केड अजून ओळखू येत होता. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी उघडल्या तेव्हा कोणाला चाचणीची गरजच पडली नाही.

हे काम ऑक्सिजनचं. कारखाना रिकामी बाटली आधी कार्बन डायऑक्साइडने धुतो, दाबाखाली भरतो, फेस वर येईल अशा बेताने बूच लावतो. बिअरमध्ये उरलेला ऑक्सिजन ते अब्जातल्या भागांत मोजतात. मी नळीने उघड्या हवेत भरतो. बाटलीतलं यीस्ट थोडा ऑक्सिजन खातं, उरलेला हॉप्सच्या तेलांना खातो. त्या ब्रूअर मित्राच्या झोपेचं कारण मला इथे कळलं. घरची आणि विकतची बिअर यांतला मोठा फरक शेगडीवर पडत नाही, शेगडी बंद झाल्यावर पडतो. कृतीच्या मागे लागलेले लोक माल्टच्या टक्केवारीवर तासन्‌तास वाद घालतात आणि बाटली भरताना बिअर खळाळून ओततात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. इतक्या मेहनतीचा वास असा हवेत जातो.

बिअरच्या प्रकाराप्रमाणे पारडं कुठे झुकतं तेही यावरून ठरतं. हेझी, म्हणजे धूसर दिसणारी, आयपीए घरी बाटलीत भरूच नये असं माझं मत आहे. तिच्यात हॉप्स सगळ्यात जास्त आणि ऑक्सिजन तिला सगळ्यात आधी गाठतो, काही आठवड्यांत ती करडी-तपकिरी दिसायला लागते. तिच्यासाठी चांगल्या ब्रूअरीचा ताजा कॅनच विकत घ्यावा. पिल्सनरमध्येही विकतची पुढे, कारण त्या फिक्या, स्वच्छ बिअरमध्ये यीस्टची जराशी कुरबुरसुद्धा लपत नाही. उलट बव्हेरियाची गव्हाची बिअर घ्या. तिचा केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो आणि ताजेपणीच खुलतो. आमच्या दुकानात येणारी जर्मन बाटली समुद्रावरून, गोदामांमधून फिरून येते. घरी केलेली हेफेवायझेन, म्हणजे हीच गव्हाची बिअर, तिच्यापुढे सरळ जिंकते, आणि हे मी स्वतःची आहे म्हणून म्हणत नाही. खर्चाचं म्हणाल तर अठ्ठेचाळीस बाटल्यांचं सामान साधारण चाळीस डॉलरांत येतं, दुकानात तेवढ्या बाटल्यांना दुपटीहून जास्त पडतात. पण भांडी, फ्रिज आणि आख्खा शनिवार धरला तर पैसे वाचवायला कोणी या वाटेला जाऊ नये.

पेल एलचा प्रश्न मात्र मला सोडवत नव्हता. फरक शेगडी बंद झाल्यावरचा असेल, तर तेवढाच भाग बदलून बघायला हवा होता. म्हणून कॉर्नी केग आणला, पूर्वी सोड्याच्या सिरपसाठी वापरायचे तो स्टीलचा उभा डबा. तो काठोकाठ सॅनिटायझरने भरायचा आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने सगळा बाहेर ढकलायचा. आत उरतो फक्त वायू, हवा नाही. मग फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, आणि केग बंद नळीने जोडायचे आणि बिअरला हवा न दाखवता आत घ्यायचं. माल्ट तेच, हॉप्स त्याच पाकिटातले, पाणी तेच, तापमान तेच. फसफसही सिएराच्या बाटलीएवढी जुळवून घेतली, नाहीतर जिभेला तेवढ्यावरूनच कळलं असतं.

पुन्हा बारा जण, पुन्हा लाल पेले, पुन्हा ताज्या तारखेच्या बाटल्या. या वेळी सहा जणांनी बरोबर ओळखलं. अंदाजाने चार येतात, फरक मानायला आठ लागतात. परीक्षकांपैकी एकाने आपलं उत्तर दोनदा बदललं आणि शेवटी चुकीचं दिलं. दोन महिन्यांनी केगमधून पेला भरला तेव्हा पपनस अजून जागेवर होतं, थोडं खाली बसलेलं, पण होतं.

ज्या सहा जणांनी ओळखलं त्यांच्यापैकी चौघांनी कारण एकच दिलं: पीच. म्हणजे ऑक्सिजनचा भाग आता आटोक्यात आहे आणि एस्टर्सचा उरलाय. उंच टाकी माझ्या गॅरेजमध्ये मावणार नाही, पण दाब मावतो. केगच्या झाकणाला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवून त्यातच आंबवलं, तर यीस्टला त्या टाकीसारखंच वागायला लावता येतं असं तो ब्रूअर मित्र म्हणतो. व्हॉल्व्ह आणलाय. कॅस्केडचं नवीन पाकीट फ्रीझरमध्ये आहे, आणि चाखणाऱ्या बारा जणांना पुढची तारीख कळवून झाली आहे.